वूडन फ्लोअरिंगचा फ्लॅट भाड्याने घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुण्याच्या अनेक नव्या इमारतींत निदान एका बेडरूमला तरी वूडन फ्लोअरिंग असते. घर बघताना ते छान दिसते. घर सोडताना मात्र डिपॉझिटचा वाद बऱ्याचदा त्याच जमिनीवरून पेटतो. हा वाद टाळता येतो. त्यासाठी घरात नेमके कोणते फ्लोअरिंग आहे ते पहिल्या दिवशी ठाऊक हवे, त्याची स्थिती लिहून ठेवलेली हवी आणि राहताना पाण्याचा धाक हवा.

जाहिरातीत ‘वूडन फ्लोअरिंग’ लिहिले आहे. ते खरे लाकूडच असते का?

बहुतेक वेळा नसते. एजंट एकाच नावाखाली पाच निरनिराळ्या वस्तू खपवतात आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये सर्वांत जास्त भेटते ते लॅमिनेट. ही ८ ते १२ मिमी जाडीची पट्टी असते. मधला गाभा लाकडाचे तंतू दाबून केलेला, म्हणजे एचडीएफ, त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि सर्वांत वर पारदर्शक, टणक थर. ओरखडे ती बऱ्यापैकी सोसते, पण सांध्यातून पाणी आत गेले की कडा फुगतात आणि त्या पुन्हा खाली बसत नाहीत.

इंजिनिअर्ड वूड १२ ते १५ मिमी जाडीचे असते. खाली प्लायवूडसारखे आडवे-उभे थर आणि वर २ ते ४ मिमी जाडीचा ओक, साग किंवा अक्रोडाचा खरा थर. सॉलिड हार्डवुड म्हणजे १८ ते २० मिमीची अखंड लाकडी फळी. ती महागड्या फ्लॅटमध्ये, जुन्या बंगल्यांत आणि दक्षिण मुंबईच्या काही जुन्या इमारतींत सापडते. उरलेल्या दोन प्रकारांत लाकूड नसतेच: ४ ते ६ मिमीचे विनाइल (प्लास्टिकची पट्टी) किंवा एसपीसी (दगडाची पूड मिसळलेली टणक प्लास्टिकची पट्टी), आणि लाकडाच्या डिझाइनची टाइल. या दोन्हींना पाण्याचे भय नाही. लहान मुले असतील आणि निवडीला वाव असेल, तर यांतले घर डोळे झाकून घ्यावे.

मग ओळखायचे कसे?

आधी एखादी ठळक गाठ किंवा रेषांचे वळण हेरा आणि तेच वळण दुसऱ्या पट्टीवर दिसते का ते पाहा. सारखीच गाठ सारख्याच जागी दुसऱ्यांदा दिसली, तर ते छापलेले चित्र आहे. म्हणजे लॅमिनेट, विनाइल किंवा टाइल. खऱ्या लाकडात दोन पट्ट्या कधीच हुबेहूब नसतात.

मग दाराशी जा. लाकडी जमीन आणि टाइल जिथे भेटतात तिथे ॲल्युमिनियमची किंवा लाकडी पट्टी असते. ती सैल असेल, तर खालची कापलेली कड दिसते. तपकिरी, एकजीव गाभा म्हणजे लॅमिनेट. प्लायसारखे थर म्हणजे इंजिनिअर्ड. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, तर ती तरंगती बसवणी आहे: जमिनीला न चिकटवता फोमवर नुसती एकमेकींत अडकवलेली पट्टी. टाइल हाताला थंड लागते आणि सांध्यात ग्राउट, म्हणजे फटीत भरलेला सिमेंटसारखा मसाला, दिसते.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मालकाला उरलेल्या पट्ट्यांचा खोका मागणे. त्यावर कंपनी, जाडी, रंगाचा क्रमांक आणि लॅमिनेट असेल तर एसी३ किंवा एसी४ असा झिजेचा वर्ग छापलेला असतो. घरगुती वापराला एसी३ पुरते, एसी४ जास्त दणकट. खोक्याचा फोटो काढून ठेवा, तो पुढे दुरुस्तीच्या वेळी सोन्याच्या मोलाचा ठरतो. किल्लीने किंवा नखाने ओरखडून परीक्षा मात्र घेऊ नका.

घर बघायला गेल्यावर जमिनीत काय तपासायचे?

दिवसाउजेडी जा आणि तरीही मोबाइलचा टॉर्च वापरा. पडदे ओढून घ्या, मोबाइल जमिनीवर लांब कडेवर उभा ठेवा, प्रकाश पट्ट्यांच्या रुंदीवरून आडवा जाऊ द्या आणि आपण उकिडवे बसून त्या दिशेने पाहा. उभे राहून सपाट दिसणारी जमीन या तिरक्या उजेडात सगळे सांगते. फुगलेल्या प्रत्येक कडेमागे सावलीची बारीक रेघ पडते, आणि पट्टी पन्हाळीसारखी वाकली असेल तर तिच्या दोन्ही कडा उजळ आणि मध्य काळसर दिसतो.

हा प्रयोग सगळ्या खोलीत करण्याची गरज नाही. बाल्कनीच्या सरकत्या दाराशी, बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर, एसीच्या बरोबर खाली, खिडकीखालच्या पट्ट्यात आणि बेडरूमच्या ज्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे तिथे करा. पाणी याच वाटांनी येते.

मग अनवाणी चाला. कुठे जमीन दबते, करकरते का ते पायाला कळते. तरंगत्या बसवणीत खालची फरशी २ मीटर लांबीत साधारण ३ मिमीहून जास्त वरखाली असेल, तर पट्टी दबत राहते आणि तिचे सांधे तुटतात. हा बसवण्यातला दोष आहे, भाडेकरूचा नव्हे, म्हणून तो आत येण्याआधीच नोंदवलेला बरा. पायपुसणी आणि गालिचे उचलून पाहायला संकोच करू नका. एखादा गालिचा विचित्र जागी अंथरलेला असेल, तर तोच आधी उचला.

घर पावसाळ्यात बघायला मिळाले, तर उत्तम. एप्रिलमध्ये ठणठणीत दिसणारी बाल्कनीजवळची जमीन जुलैत कशी असते ते तेव्हाच कळते.

पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात फटी पडतात. हे बिघडल्याचे लक्षण आहे का?

थोड्या प्रमाणात हे होणारच. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. १२० मिमी रुंदीच्या सॉलिड ओकच्या पट्टीतला ओलावा ३ टक्क्यांनी वाढला, तर ती सुमारे १ मिमीने रुंद होते. एका खोलीत अशा पंचवीस-तीस पट्ट्या असतात. सागाची हालचाल ओकपेक्षा कमी आणि इंजिनिअर्डची त्याहून कमी.

म्हणूनच बसवताना भिंतीलगत चारही बाजूंनी ८ ते १२ मिमी मोकळी जागा सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीखाली, झाकतात. ती सोडली नसेल, स्कर्टिंग बसवताना तिच्यात सिमेंट भरले गेले असेल किंवा तरंगत्या जमिनीवर भिंतीतले भारी कपाट उभारून तिला खिळवून टाकले असेल, तर फुगलेल्या जमिनीला जायला जागा उरत नाही. मग खोलीच्या मध्यावर दोन पट्ट्या तंबूसारख्या उभ्या राहतात. हा दोष बसवणाऱ्याचा.

मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्या खाली उतरते. लाकडाला ३५ ते ५५ टक्के मानवते. खोलीत साधा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. पावसाळ्यात एसी दिवसातून तास-दोन तास ‘ड्राय’ मोडवर चालवला, तरी फरक पडतो. घर महिनाभर बंद ठेवणार असाल, तर कुणाला तरी आठवड्यातून एकदा येऊन कोरड्या वेळी खिडक्या उघडायला सांगा.

उन्हाळ्यात दिसणारी, पावसाळ्यात मिटणारी अर्धा-एक मिमीची फट बुजवू नका. तिच्यात पुट्टी भरली, तर पावसाळ्यात तीच पुट्टी पट्ट्यांना ढकलते. लॅमिनेटमध्ये मात्र बारमाही फट म्हणजे सांधा सुटलेला. तो मालकाला लगेच कळवा.

लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटमध्ये फ्लोअरिंगबद्दल काय लिहून घ्यावे?

तयार मसुद्यात भाडेकरूला ‘लायसन्सी’ म्हणतात आणि त्यात एवढेच असते: ‘लायसन्सीने जागा चांगल्या स्थितीत परत करावी.’ फ्लोअरिंगच्या वादात हे वाक्य दोन्ही बाजूंना हवे तसे वळते. ऑनलाइन नोंदणी करतानाच जादा अट घालून घ्या. मजकूर असा ठेवता येईल:

‘फ्लोअरिंगची सद्यस्थिती सोबतच्या यादीप्रमाणे व दोन्ही पक्षांनी ईमेलने मान्य केलेल्या छायाचित्रांप्रमाणे आहे. नैसर्गिक झीज, हवेतील आर्द्रतेमुळे होणारे आकुंचन-प्रसरण, इमारतीतील गळती व वाळवी यांमुळे होणाऱ्या नुकसानीची वसुली लायसन्सीकडून केली जाणार नाही. लायसन्सीच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास केवळ बाधित पट्ट्यांच्या दुरुस्तीचा खर्च, फ्लोअरिंगचे वय विचारात घेऊन, आकारला जाईल.’

त्यासोबत यादीत चार गोष्टी हव्यात: फ्लोअरिंगचा प्रकार, बसवल्याचे वर्ष, शिल्लक पट्ट्यांची संख्या आणि खोलीनिहाय दोष. दोष मोघम नको. ‘बेडरूमला ओरखडे’ याऐवजी ‘बेडरूम, बाल्कनीच्या दारापासून दुसरी व तिसरी पट्टी, कडा फुगलेल्या, सुमारे ३० सेंमी’ असे लिहा. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो आणि दोषाचे दोन: एक लांबून, एक शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवून. सामान आत येण्यापूर्वी सगळे काढा आणि दोन दिवसांत मालकाला ईमेल करा. व्हॉट्सॲपवर पाठवले तरी चालते, पण फोन बदलला की चॅट जाऊ शकते.

करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार व त्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वादाच्या वेळी अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मुद्रांक शुल्कही फार नसते. ३५,००० रुपये भाडे, ११ महिने आणि दीड लाख परतीचे डिपॉझिट असेल, तर ०.२५ टक्क्यांच्या हिशेबाने ते १,००० रुपयांच्या आसपास येते. पालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये वेगळी.

‘नॉर्मल वेअर अँड टेअर’मध्ये काय येते?

जपून राहूनही काळाबरोबर जे होते ते. ये-जा करण्याच्या वाटेवरची चमक कमी होणे, उजेडात उभे राहिल्याशिवाय न दिसणारे बारीक ओरखडे, उन्हाने बदललेला रंग, पलंगाच्या पायांचे हलके ठसे, ऋतूनुसार येणाऱ्या फटी. सामान ओढून पडलेली लांब खाच, कुंडीखालचा काळा डाग, जळलेली जागा, ऑफिसच्या खुर्चीने पांढरा पाडलेला गोल आणि न पुसलेल्या पाण्याने फुगलेल्या कडा हे नुकसान.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ (एम) वाजवी झीज वगळूनच जागा परत देण्याचे बंधन घालते, पण ते कलम लीजसाठी, म्हणजे भाडेपट्ट्यासाठी आहे. लिव्ह अँड लायसन्स ही लीज नव्हे, ती सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मधली परवानगी आहे. त्यामुळे तुमच्या बाबतीत करारातले शब्दच मुख्य आधार. झिजेचे वाक्य त्यात आहे का ते सही करण्यापूर्वी पाहा.

रोज पुसायचे कसे? कामाला येणाऱ्या मावशी बादलीभर पाण्याने पुसतात.

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. एकदा सांडलेल्या पाण्यापेक्षा रोजचा थबथबीत पोछा जास्त जमिनी बिघडवतो. एका दिवसात काहीच दिसत नाही. वर्षभरात सगळ्या सांध्यांवर बारीक उंचवटे येतात आणि तेव्हा उपाय उरलेला नसतो.

रोज फक्त कोरडे काढा: मऊ फुलझाडू किंवा मायक्रोफायबरचा सपाट मॉप. व्हॅक्युम वापरत असाल, तर फिरणारा ब्रश बंद ठेवा. आठवड्यातून दोनदा ओलसर पुसणे पुरे. फडके इतके पिळा की मुठीत दाबूनही थेंब पडू नये, आणि पुसल्यावर जमीन एका मिनिटात सुकावी. त्याहून वेळ लागला, तर फडके जास्त ओले आहे. पुसायचे पट्टीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे पाणी सांध्यात ढकलले जात नाही.

पाण्यात फ्लोअरिंगसाठीचा पीएच न्यूट्रल क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. फिनाइल, कपडे धुण्याची पावडर, ॲसिड, व्हिनेगर, ब्लीच यांतले काही नको. फिनाइलचा चिकट थर बसतो, त्यावर धूळ धरते, जमीन मळकट दिसते आणि मग घासली जाते. स्टीम मॉप कोणत्याही लाकडी जमिनीवर वापरू नका. वाफ सांध्यात शिरते. लॅमिनेटवर मेण किंवा पॉलिशही नको, ते आत मुरत नाही, नुसते निसरडे होते.

मावशींना तोंडी सांगून भागत नाही, कारण इतर चार घरी त्या टाइलच पुसतात. लाकडी खोल्यांसाठी वेगळा मॉप आणि वेगळे फडके आणून ठेवा आणि पहिल्या दिवशी पिळून दाखवा. बादली टाइलवरच ठेवायची, लाकडी खोलीत न्यायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी बरेच साधते.

पाणी सांडले, एसी गळला किंवा खिडकीतून झड आली, तर?

पहिली काही मिनिटे मोलाची. पाणी पसरवू नका, जाड टॉवेलने टिपा, मग कोरड्या फडक्याने सांधे दाबून पुसा. थोडे सांडले असेल, तर एवढ्यावर भागते.

रात्रभर एसी गळत राहिला असेल, तर वरून पुसून काम संपत नाही. पट्ट्यांखाली २-३ मिमीचा फोम असतो आणि त्याला बहुधा प्लास्टिकचा पडदा असतो. खाली उतरलेले पाणी त्या पडद्यावर साचून राहते, त्याला वाळायला वाट नसते. अशा वेळी मालकाला त्याच दिवशी फोटोसह कळवा आणि सुतार बोलवा. स्कर्टिंग काढून जवळच्या भिंतीकडून काही पट्ट्या उचलल्या, की आत हवा खेळते. टेबल फॅन जमिनीलगत ठेवून सलग दोन-तीन दिवस चालवा, एसी ‘ड्राय’वर. हीटर किंवा हेअर ड्रायर लावू नका. वरचा भाग झपाट्याने सुकतो, खालचा ओलाच राहतो आणि पट्टी आणखी वाकते. कुबट वास येऊ लागला, तर आत बुरशी धरली आहे.

खरे लाकूड वाकले, तर लगेच पॉलिशवाला बोलवू नका. ओले असताना घासून सपाट केलेली पट्टी सुकल्यावर मधोमध उंच होते. काही आठवडे सुकू द्या, इंजिनिअर्ड आणि सॉलिड बऱ्याचदा आपोआप बसतात. लॅमिनेट बसत नाही, त्याच्या पट्ट्या बदलाव्याच लागतात.

पावसाळ्यापूर्वी दोन कामे करून घ्या. एसीची सर्व्हिसिंग करताना ड्रेन पाइप पाणी ओतून तपासा. आणि सरकत्या खिडकीच्या रुळात बाहेरच्या बाजूला जी बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करा. ती धुळीने तुंबली, की रूळ भरतो आणि पाणी बाहेर न जाता खोलीत उतरते.

रांगोळी, समई, गणपती हे सगळे लाकडी जमिनीवर कसे करायचे?

रांगोळी थेट काढू नका. ती दगडाची पूड आहे. पायाखाली आली, की सॅन्डपेपरचे काम करते, आणि ओल्या फडक्याने पुसली तर तेच ओरखडे खोलीभर पसरतात. ॲक्रिलिक किंवा सनमायकाच्या तुकड्यावर काढा, किंवा फुलांच्या पाकळ्यांची करा. पूड सांडलीच, तर व्हॅक्युमने किंवा मऊ ब्रशने उचला, पुसू नका.

समईखाली ताम्हण किंवा खोल थाळी आणि त्याखाली पाट ठेवा. पाटाच्या तळाला फेल्ट (नमद्यासारखे जाड, मऊ कापड) चिकटवा. गणपतीच्या चौरंगाखाली जाड सतरंजी, तिच्यावर प्लास्टिकचे कापड. पंचामृत, तीर्थ, अभिषेक सगळे परातीत. विसर्जन घरी बादलीत करणार असाल, तर बादली बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये. खलबत्ता वापरणे, नारळ फोडणे ओट्यावर किंवा टाइलवरच. लाकडावर बसलेल्या घावाची खाच भरता येते, पण लपत नाही.

भारी कपाट, ऑफिसची खुर्ची, गालिचा यांबाबत काय काळजी घ्यावी?

प्रत्येक पायाला ३ मिमी जाडीचे फेल्ट लावा आणि दर काही महिन्यांनी उलटून पाहा. फेल्टमध्ये वाळूचा कण रुतला, की तेच ओरखडे काढते. लोखंडी कपाटाच्या चार पायांखाली १२ मिमी प्लायचे चौकोन फेल्ट लावून ठेवा, म्हणजे भार पसरतो. शिफ्टिंगवाल्यांना आधीच सांगा: ओढायचे नाही, उचलायचे. वाटेवर जुनी घोंगडी किंवा कार्डबोर्ड अंथरा.

चाकांच्या खुर्चीला मऊ, रबरी कडेची चाके बसवून मिळतात. नाहीतर खाली पॉलिकार्बोनेटची चटई घाला. याउलट रबराची पाठ असलेली पायपुसणी लाकडावर कायमची टाकून ठेवू नका. रबरातली रसायने उतरतात आणि पिवळट डाग पडतो, तो निघत नाही. सुती पायपुसणी वापरा.

कुंकू, हळद, तेल, मेण यांचे डाग कसे काढायचे?

कुंकू कोरडे असेल तर आधी फुंकर किंवा ब्रश, ओले फडके लगेच लावू नका. तेल टिश्यूने टिपून घ्या, मग न्यूट्रल क्लीनर. हळदीचा पिवळेपणा पुसल्यावर थोडा राहिला, तरी काळजी नको. अखंड फिनिशवरची हळद उजेडाने फिकी पडत जाते. मेणावर पिशवीत गुंडाळलेला बर्फ ठेवा, कडक झाले की जुन्या प्लास्टिक कार्डाने अलगद उचला. नेलपॉलिश लॅमिनेटवर सांडले, तर कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावून निघते. खऱ्या लाकडावर तेच ॲसिटोन फिनिशच उतरवते. म्हणून फ्लोअरिंग कोणते आहे ते आधी ठाऊक हवे.

लहान ओरखडे स्वतः दुरुस्त करावेत का?

मालकाला विचारून. रंग जुळणारी मेणाची कांडी किंवा टच-अप पेन मिळते. आधी कपाटामागच्या पट्टीवर रंग तपासा आणि एक छटा फिका निवडा, गडद चूक लगेच दिसते. लॅमिनेट कधीही घासता येत नाही, वरचा थर गेला की चित्रच जाते. इंजिनिअर्डचा वरचा थर ३ मिमी किंवा जास्त असेल, तर एखाद-दोनदा घासून पॉलिश होते. २ मिमीला ते धोक्याचे. हे काम मालकाच्या खर्चाने आणि त्याच्या माणसाकडूनच व्हावे.

वाळवी दिसली, तर जबाबदारी कोणाची?

इमारतीत आलेली वाळवी मालकाची, पण ती दिसताच लेखी कळवणे तुमचे काम. उशीर केला, तर वाद तुमच्यावर येतो. स्कर्टिंगवर मातीच्या बारीक नळ्या, टकटक केल्यावर कागदासारखा पोकळ आवाज, पहिल्या पावसानंतर खिडकीपाशी गळून पडलेले पंख ही खूण. पिठासारखी बारीक पूड पडत असेल, तर ती वाळवी नसून लाकूड पोखरणारा भुंगा असतो.

वरून फवारून भागत नाही. उभ्या इमारतीतल्या उपचारासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. त्यात भिंत आणि जमीन यांच्या सांध्यालगत ठरावीक अंतराने भोके पाडून औषध भरतात. कंत्राटदाराला स्कर्टिंग काढून, त्यामागच्या मोकळ्या जागेतून भोके पाडायला सांगा. पट्टीतून थेट ड्रिल केले, तर जमीनही जाते.

खालच्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार करतात.

जमिनीवर टाच आपटल्याचा आवाज खालपर्यंत पोचतो. वर्दळीच्या भागात गालिचा आणि त्याखाली ६ ते १० मिमीचे फेल्ट पॅड घाला, घरात मऊ तळाच्या चपला वापरा. गालिचा अधूनमधून सरकवत राहा, नाहीतर त्याखालचा चौकोन वेगळ्या रंगाचा राहतो.

चार पट्ट्या खराब झाल्या आणि मालक अख्ख्या हॉलचे पैसे मागतो आहे. हे बरोबर आहे का?

सहसा नाही. लॅमिनेटची नेहमीची पट्टी साधारण १२१५ बाय १९५ मिमी, म्हणजे अडीच चौरस फूट. चार पट्ट्या म्हणजे १० चौरस फूट. १८० चौरस फुटांच्या हॉलचा खर्च त्यासाठी मागणे वाजवी नाही. जवळच्या भिंतीचे स्कर्टिंग काढायचे, पट्ट्यांवर मास्किंग टेप लावून क्रमांक घालायचे, खराब पट्टीपर्यंत उलगडत जायचे आणि नवी घालून परत जोडत यायचे. जमीन भिंतीलगत मोकळी असेल, तर फ्लोअरिंगच्या माणसाला याला अर्धा दिवस पुरतो.

मालकाची अडचण एका बाबतीत खरी असते: तो रंग बंद झालेला असतो. त्यावर तोडगा आहे. कपाटाखालच्या किंवा पलंगाखालच्या जुन्या पट्ट्या काढून हॉलमध्ये वापरायच्या आणि जवळपासच्या रंगाच्या नव्या पट्ट्या कपाटाखाली घालायच्या.

तरीही पूर्ण जमीन बदलायचीच ठरली, तर वयाचा हिशेब मांडा. समजा, जमीन ९ वर्षांपूर्वी घातली आणि १५ वर्षे टिकणारी धरली, तर उरलेले आयुष्य ६ वर्षे, म्हणजे ४० टक्के. बदलायला ३०,००० रुपये लागत असतील, तर तुमच्याकडून जास्तीत जास्त १२,००० रुपयांची मागणी होऊ शकते, सगळे नुकसान तुमचेच असेल तरी. नवी जमीन मालकाकडेच राहणार आहे. कपातीची रक्कम तोंडी मान्य करू नका. फ्लोअरिंगवाल्याचे लेखी कोटेशन मागा आणि स्वतः दुसरे आणा.

घर सोडताना काय क्रम ठेवावा?

नोटीस दिल्यावर लगेच मालकाला एकदा जमीन दाखवा, म्हणजे दुरुस्तीला महिना मिळतो. सामान हलल्यावर कोरडे काढा, हलके पुसा, फेल्टचे चिकट अवशेष प्लास्टिकने खरवडा. मग तेच फोटो त्याच कोपऱ्यांतून पुन्हा काढा. पहिल्या दिवसाची यादी हातात घेऊन मालकासोबत खोल्या फिरा, प्रत्येक ओळीपुढे ‘तसेच’ किंवा ‘नवे’ लिहा आणि दोघांनी सही करा. किल्ल्या देणे आणि डिपॉझिट घेणे एकाच बैठकीत व्हावे, करारातही तसेच लिहून घेतलेले असावे. पैसे अडवले, तर कारणांची लेखी यादी मागा, मग वकिलामार्फत नोटीस. रक्कम वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारण मुदत ३ वर्षांची असते, म्हणून फोटो आणि ईमेल तोवर जपा.

अमेरिकेत भाड्याने राहणाऱ्यांना वेगळे काही पाहावे लागते का?

तिथल्या जुन्या इमारतींत खरोखरच सॉलिड ओक असतो, पाऊण इंच जाडीचा. त्याचा शत्रू पावसाळा नसून हिवाळ्यातले हीटिंग आहे. हवा कोरडी पडते आणि फटी उघडतात. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवा. न्यूयॉर्कच्या अनेक लीजमध्ये ८० टक्के जमीन गालिच्याने झाकण्याची अट असते. तो कायदा नाही, कराराची अट आहे, पण मोडली तर खालच्या शेजाऱ्याची तक्रार तुमच्यावर येते. गालिच्यांचा खर्च घर घेतानाच धरा.

डिपॉझिटचे नियम तिथे स्पष्ट आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घर सोडल्यापासून १४ दिवसांत कपातीची तपशीलवार यादी द्यावी लागते. न्यू जर्सीत मर्यादा दीड महिन्याची आणि मुदत ३० दिवसांची. कॅलिफोर्नियात मुदत २१ दिवसांची. घर सोडण्याआधी नवा पत्ता लेखी कळवा, चेक आणि यादी त्याच पत्त्यावर येते.